वरची तीन बोटं

माझे सासरे रस्त्यानं निघाले की समोरून येणारी माणसं हात खिशात घालत. ऊन असो की थंडी. ज्यांना खिसे नसत ती हातातली पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेत आणि कोपर अंगाशी दाबून धरत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, गावात यांचा दरारा दिसतो, माणसं आखडून उभी राहतात. खरं कारण नवऱ्यानं सांगितलं आणि हसून हसून माझं पोट दुखलं. तेव्हा मला हसायला फारसं काही लागत नसे.

सासरे पेट्या करत. मेलेल्या माणसांच्या. गावात सुतारांना तोटा नव्हता, पण या कामाला निरोप यांनाच यायचा. मीटरपट्टी त्यांच्या कामाच्या खोलीत भिंतीला टांगलेली होती, ती फळ्यांसाठी. माणसाला ती कधी लागली नाही. निरोप आला की ते हात स्वच्छ धुवायचे, धुतलेला शर्ट घालायचे, त्या घरी जाऊन गेलेल्या माणसाच्या शेजारी बसायचे आणि त्याचा उजवा हात आपल्या हातात घ्यायचे. कोपर एका तळव्यावर, बोटं दुसऱ्या तळव्यावर. घरच्यांना वाटे, किती हळवा माणूस, निरोप घेतोय बिचारा. तोवर खिशातली सुतळी कोपराच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जाऊन आलेली असे आणि तिला गाठ बसलेली असे. घरी आल्यावर ती सुतळी फळीवर तीनदा पूर्ण आणि एकदा दुमडून टाकायची. साडेतीन हात. प्रत्येकाचा देह त्याच्या स्वतःच्या हातानं साडेतीन हात, असं आपण बोलताना सहज बोलून जातो. हे त्या बोलण्यावर करवत चालवत. डोक्याकडे चार बोटं मोकळी, पायांकडे चार बोटं मोकळी, की झालं माप. गाव त्यांना साडेतीनच म्हणायचं. खरं नाव टपालवाल्यालासुद्धा आठवावं लागे. मी मामंजी म्हणायची.

"म्हाताऱ्या माणसाची पाठ वाकलेली असते, गुडघे आखडलेले असतात," ते मला म्हणाले होते. "घरच्यांच्या डोळ्यांदेखत त्याला ताणून सरळ करायचं आणि वर पट्टी लावायची, हे बरं दिसतं का? हात धरला तर कुणाची काही हरकत नसते."

हे मला पटायचं. बाकीचं पटायचं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगायची.

कारण मापातलं मलाही कळत होतं. डोंगराखालून बोगदा खणायचं काम चालू होतं आणि तिथल्या माणसांना दगडाच्या कपच्यांपासून हात वाचवायला कोपरापर्यंतचे कातडी हातमोजे लागत. ते आमच्या कारखान्यात शिवले जात. आधी लहान, मध्यम, मोठा असे तीनच आकार होते, आणि निम्मे मोजे शिव्यांसकट परत येत. मग मालकानं मला प्रत्येकाचं माप घ्यायला बसवलं. टेप घेऊन कोपर ते मधलं बोट, मनगटाचा घेर, पंजाची रुंदी. प्रत्येकाचा कागदी साचा कापून त्यावर नाव घालायचं आणि खिळ्याला अडकवायचा. मी माप घ्यायला लागल्यापासून एक मोजा परत आला नाही. म्हणजे एकाच घरात आम्ही दोघं एकाच मापावर पोट भरत होतो, मी जिवंतांच्या, ते मेलेल्यांच्या. नवराही मला कारखान्यातच भेटला. बोगद्यात त्याला सगळे लांब्या म्हणत. डावा मोजा घट्ट होतो म्हणून तो पुन्हा पुन्हा माप द्यायला यायचा. मोजा अजिबात घट्ट नव्हता.

काम संपलं की मामंजी भुशात पाय पसरून बसत आणि त्यांना बोलायची लहर येई.

"पूर्वी माणूस जग स्वतःवरून मोजायचा. बी बोटभर खोल, खांब हातभर खोल, दोर वावेनं, म्हणजे दोन्ही हात पसरून, पीठ मुठीनं. पाणी किती आहे, तर कंबरभर नाहीतर पुरुषभर."

"कुणाची कंबर?" मी विचारलं.

"ज्याला त्यात उतरायचंय त्याची," ते म्हणाले.

जुन्या बाजाराच्या कमानीत दगडात बसवलेली लोखंडाची एक पट्टी आहे. ती दाखवायला ते मला एकदा मुद्दाम घेऊन गेले. म्हणे पूर्वी दर कापडवाल्याचा हात वेगळा. उंच कापडवाल्याकडे रीघ, बुटका आपला माशा मारत बसलेला. भांडणं डोकी फुटेपर्यंत गेली तेव्हा त्या वेळच्या कुणा अधिकाऱ्यानं स्वतःचा हात दगडावर ठेवला, तेवढी पट्टी तिथं ठोकली आणि हुकूम काढला की इथून पुढं सगळ्या गावाचा हात हाच. मामंजींनी आपला हात पट्टीला लावला. पट्टी चांगली चार बोटं आखूड निघाली. "बुटका असणार," ते म्हणाले, "पण बघ, माणूस गेला, त्याचं नाव गेलं, हात मात्र ठेवून गेला." मला ते ऐकून कसंतरी झालं. त्या भिंतीत कुणाचा तरी हात चिणलाय आणि तो अजून पुढं केलेलाच आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. त्या कमानीखालून जाताना मी दुसऱ्या कडेनं जाते.

एकदा मी त्यांना म्हटलं, "मामंजी, दोन्हीकडे चार-चार बोटं सोडल्यावर कुणीही बसेल त्या पेटीत. त्यात साडेतीनचं काय मोठं?"

मला वाटलं रागावतील. ते रंध्यात अडकलेला भुसा काढत बसले होते.

"जिवंत माणूस साडेतीनला भरत नाही, सूनबाई. वर जातो. कुणी दोन बोटं, कुणी पाच. घरी कुणालाही मोजून बघ. ती वरची बोटं श्वासाची. श्वास गेला की ती जातात, आणि माणूस मापात येतो."

"हाडं काय बर्फाची असतात विरघळायला?"

"ते मला माहीत नाही. मी सुतार आहे, वैद्य नाही."

मग त्यांनी मला सासूबाईंचं सांगितलं. तरुणपणी त्यांना नाद होता, ज्याला त्याला मोजायचे. मित्रांना, पाहुण्यांना, वाटेल त्याला. सगळे वर. लग्नानंतर पलंग करायचा होता म्हणून गमतीत बायकोचा हात मोजला आणि तिला उभं केलं. ती बरोबर साडेतीन भरली. सूतभरही इकडेतिकडे नाही. "ती हसून म्हणाली, बघा, मी कशी अगदी मापात आहे. चांगली धडधाकट होती. ताप आला आणि दुखणं वाढत गेलं. पलंगावर जेमतेम झोपली असेल." नवरा तेव्हा रांगत होता. त्यानंतर मामंजींनी जिवंत माणसाचा हात हातात घेतला नाही. स्वतःच्या मुलाचासुद्धा नाही, की चुकून कळेल. त्याला त्यांनी शर्टाची कॉलर धरून चालायला शिकवलं. नवरा हे गमतीनं सांगायचा. मला त्यात गंमत वाटली नाही.

तरी खोड काढायची ती आम्ही काढलीच. सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा म्हणाला, "चल, मला मोज. बघू तरी माझा श्वास किती बोटांचा आहे." त्याच्या हाताचं माप मला पाठ होतं. मी सुतळी कापली, तो स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. टाचेपासून सुतळी वर नेली, ती त्याच्या कपाळाच्या वर, केसांत जाऊन संपली. डोकं त्याच्याही वर तीन बोटं. आम्ही दोघं खिदळत होतो तेवढ्यात मामंजी खांद्यावर फळी घेऊन आत आले. सुतळी पाहून ते जागच्या जागी थांबले. आमच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "किती?"

"तीन बोटं वर," मी म्हणाले.

त्यांनी फळी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. "पुन्हा नको," एवढंच बोलले. आम्ही पुन्हा तसं केलं नाही.

एका सकाळी फडताळातल्या कपबशा आपोआप वाजल्या. मी हातातलं तसंच टाकून रस्त्यावर आले तर सगळं गाव रस्त्यावर. बोगदा बसला होता, आणि पाळी नवऱ्याची होती.

बोगद्याच्या तोंडाजवळ मोठं छप्पर आमच्या कारखान्याच्या गोदामाचंच. माणसं तिथं आणून ठेवली. ज्या टेबलांवर मी साचे कापायची त्यांच्यावर. कच्च्या कातड्याचा वास आणि वर दगडाची धूळ. मामंजींना निरोप आला. ते हात धुवून, धुतलेला शर्ट घालून आले आणि एकेकाचा हात हातात घेत गेले. चेहरे ओळखू येत होते, नातेवाईक येऊन रडत होते. शेवटच्या टेबलावरच्या माणसाचा चेहरा झाकलेला होता. मुकादम म्हणाला, कापड काढू नका, खाली बघण्यासारखं काही नाही. कपडे कंपनीचे, सगळ्यांचे सारखेच. बाकी सगळ्यांचा हिशेब लागला होता. राहिला होता फक्त लांब्या.

त्याचा हात मी शंभर हातांत ओळखेन असं मला वाटायचं. तो सुजलेला, धुळीनं राखाडी झालेला हात माझ्यासमोर होता आणि मला कळत नव्हतं. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी चीड आली तेवढी कधीच आली नव्हती. मी भिंतीवरून नवऱ्याचा साचा काढला आणि त्या हाताखाली सरकवला. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत कागद तंतोतंत पुरला. एक टाकाही कमी नाही, जास्त नाही.

मामंजींनी सुतळीला गाठ मारली आणि त्यांच्या सवयीबाहेरची गोष्ट केली. तीनदा पूर्ण, एकदा दुमडून, त्यांनी ती त्या देहावरच धरली. कापडाखालच्या डोक्यापासून टाचेपर्यंत.

"भरला," ते म्हणाले.

"म्हणूनच हा तो नाही," मी म्हणाले. "तो तीन बोटं वर आहे. तुमच्या घरात मोजलाय मी त्याला."

"होता," मामंजी म्हणाले.

मी मुकादमासमोरच त्यांच्याशी भांडले. हाडं आखूड होत नसतात, एका मापाचे दोन हात असू शकतात, माझ्याच खिळ्यांवर एका मापाचे साचे आहेत. सगळं खरं होतं. मुकादमानं माझ्या नवऱ्याचं नाव लिहून घेतलं. मामंजींनी पेटी केली. रंधा मारताना त्यांच्या नाकावरून पाणी भुशात पडत होतं आणि ते पुसत नव्हते. मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. पुरायला गाव गेलं, मी घरी राहिले आणि रोजच्यासारखं त्याचंही ताट मांडलं. मामंजी परत आले, ताट पाहिलं आणि कामाच्या खोलीत गेले. असं पुष्कळ दिवस चाललं. एकाच छपराखाली ते मुलगा मेलेला बाप होते आणि मी नवरा कामावर गेलेली बायको.

आणि मग एका दुपारी दारात मालट्रक थांबला आणि नवरा उतरला.

बोगदा बसला तेव्हा पलीकडच्या तोंडानं त्याला ओढून काढलं होतं. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात तो पडून होता, डोक्याला मार, पाठीला पट्टा. कोण, कुठला, हे त्याला बरेच दिवस सांगता येत नव्हतं. गोदामातल्या त्या शेवटच्या टेबलावरचा माणूस कोण, तर त्याच सकाळी नव्यानं कामावर घेतलेला कुणीतरी. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. मुकादमानं हे सांगताना मान खाली घातली. मला त्या माणसाचं वाईट वाटायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही. मी नवऱ्याला दारातच मिठी मारली आणि इतकी रडले की शेजारणीनं मला सोडवून पाणी पाजलं.

मामंजी कामाच्या खोलीतून आले. भिंतीला टेकून उभे राहिले. नवरा स्वयंपाकघरात शिरताना नेहमीसारखा डोकं वाकवून शिरला. मामंजींची नजर त्याच्या केसांवरून चौकटीवर गेली आणि तिथंच थोडा वेळ राहिली. मग ते आत निघून गेले. पाठोपाठ रंध्याचा आवाज सुरू झाला.

ते त्याच्याशी बोलेनात. तो जेवायला बसला की यांना भूक नसे. तो कामाच्या खोलीत गेला की हे फळ्या बघायला अंगणात जात. "बाबांना मी आलेला आवडलं नाही का?" नवऱ्यानं मला विचारलं. त्याचा आवाज तोच होता, हसणं तेच होतं. पूर्वी तो घोरायचा, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. आता घोरत नव्हता. मी कूस बदलायची, कान लावायची आणि स्वतःलाच रागवायची. पाठीच्या पट्ट्यानं असेल, दुसरं काय. आणि चौकटीत शिरताना तो वाकायचा, पण मला दिसत होतं की आता तो वाकला नाही तरी चाललं असतं.

शेवटी मी मामंजींना गाठलं. "मुलगा परत आलाय आणि तुम्ही त्याला पाठ दाखवता. असं काय केलंय त्यानं?"

त्यांनी करवत खाली ठेवली. "मी माझ्या मुलाचा हात आयुष्यात एकदाच धरलाय. गोदामात. तो हात माझा होता, सूनबाई. माझ्या हाताला कळलं. मी तो पुरून आलोय. मग हा कोण आहे?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याचाच मला संताप आला. "तुम्हाला मेलेल्या माणसांची इतकी सवय झालीय की जिवंत माणूस दारात येऊन उभा राहिला तर ओळखता येत नाही. मी आत्ता मोजते त्याला. तुमच्यासमोर मोजते. वरची तीन बोटं दाखवते तुम्हाला, आणि मग तुम्ही त्याच्या शेजारी बसून जेवायचं."

"मोज," ते म्हणाले. "माझ्यासमोर नको. येऊन सांग."

नवरा खिडकीशी उन्हात बसला होता. नवे हातमोजे करायचेत, उठ, असं म्हणून मी टेप काढली. हात पहिल्याइतकाच भरला. सुतळी कापली, साडेतीन हात. त्याला चौकटीला उभं केलं. "पाठ टेकव. मान वर कर. अजून." तो सांगेन तसं करत होता, शहाण्या मुलासारखा. टाचेपासून सुतळी ताणली, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली.

सुतळीचं टोक पट्टीला टेकलं.

मी सुतळी सोडली, पुन्हा धरली. टेप लावून बघितलं. पट्टी उलटी करून बघितलं. डॉक्टर म्हणालेच होते, पाठीचा मणका दबला की माणूस थोडा बसतो. बोटभर बसतो, दोन बोटं बसतो. तीन बसत असेल. पण बरोबर तीनच का बसावं? आणि अगदी साडेतीनावरच येऊन का थांबावं? मी त्याच्या छातीकडे बघत उभी राहिले. शर्ट ढगळ होता.

"काय बघतेस?" त्यानं विचारलं.

"काही नाही. बारीक झालायस."

"किती भरलो?"

"बस जा," मी म्हणाले. "पाठ दुखेल."

कामाच्या खोलीपर्यंतची वाट ती किती, पण ती मला सरता सरेना. माझं सगळं आयुष्य मापात गेलंय. कारखान्यात मालकानंसुद्धा कधी माझं माप तपासलं नाही. मामंजी दाराकडे तोंड करून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. इतका म्हातारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"किती?"

"तीन बोटं वर," मी म्हणाले. "होता तसाच आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर हलवली नाही.

"टेपनं मोजलंस ना?"

"टेपनंच."

"मग बरोबर असणार," ते म्हणाले. "माझेच डोळे गेले आता."

ते उठले, मोरीवर जाऊन हात धुतले, धुतलेला शर्ट घातला. निरोप आल्यावर करायचे तसंच. पण ते आत गेले, मुलाच्या शेजारी बसले आणि त्याचं मनगट धरलं. वाटेल तसं, मधेच कुठंतरी, जसं कुणीही कुणाचंही धरतं. "पाठ कशी आहे रे?" त्यांनी विचारलं. नवरा त्यांच्या खांद्याला डोकं लावून लहान मुलासारखा रडला. मी चुलीपाशी जाऊन काहीतरी ढवळत राहिले, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

त्यानंतर मामंजींनी पेट्या सोडल्या. दिसत नाही म्हणून सांगायचे, आणि सुईत दोरा पहिल्या झटक्याला ओवून द्यायचे. नवऱ्याला त्यांनी रंधा धरायला शिकवलं, आपले हात त्याच्या हातांवर ठेवून. बापलेक खुर्च्या करायला लागले. संध्याकाळी दोघं फिरायला जात आणि रस्त्यातली माणसं बघत राहत, कारण म्हातारा मुलाचा हात धरून चालायचा. गावाला वाटलं, त्याला दिसत नाही म्हणून. घरात हसणं परत आलं. मीही त्यात हसायची. नवरा माझ्याशी चांगलाच वागत होता, उलट पूर्वीपेक्षा जास्तच. तो जेवायचा, चिडवायचा, पाठ चेपून मागायचा. त्याचे मोजे मी जुन्याच साच्यावर कापायची. पण झोपले की मी त्याच्या बाजूला कान लावायची, आणि त्या शांततेत मला जे काही ऐकू आलं किंवा आलं नाही, ते मी कुणाला सांगितलं नाही.

साधारण वर्षभरानं मामंजींनी अंथरूण धरलं. दुखणं असं काही नव्हतं, विझतच चालले होते. एका दुपारी मी त्यांची उशी नीट करत होते. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"सूनबाई," ते हळू म्हणाले, "तो दारातून आत आला ना, मला तेव्हाच दिसलं होतं. मला मोजावं लागत नाही. चौकट आणि डोकं बघितलं की झालं."

मी उशीचा कोपरा धरून उभी राहिले. "मग मला मोजायला का पाठवलंत?"

"मी कुठं पाठवलं? तूच निघालीस." त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत मी थांबले. "तू परत आलीस, उभी राहिलीस, आणि सांगितलंस. माझी सून मापात खोटं बोलत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हटलं, ती म्हणते तर असेल. ती म्हणते तर वर आहेत तीन बोटं. त्याच्यावर मला वर्षभर मुलगा मिळाला. लहानपणी मिळाला नव्हता एवढा मिळाला."

माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"मला सांगायला तू होतीस," ते म्हणाले. "तुला कोण सांगणार?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी पांघरूण सारखं केलं आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले. तो मोरीपाशी भांडी घासत होता. मागं वळून न बघता त्यानं सरकून मला जागा दिली. मी पेला भरला आणि बाजूला ठेवला. मग त्याच्या शेजारी उभी राहिले आणि तो देईल ती भांडी पुसू लागले.